चार बोटं लांबचं पेडल

आमचा ट्रॅक्टर नवऱ्याच्या मापाचा आहे. म्हणजे कारखान्यातून आला तसाच आहे तो, पण पेडलं कुठे बसवायची हे ठरवताना तिथल्या लोकांनी कुणातरी लंबूलाच सीटवर बसवलं असणार. माझा नवरा आमच्या दारातून वाकून आत येतो. मी त्याच्या खांद्यालाही लागत नाही. लग्नाच्या फोटोत मी स्टुलावर उभी आहे, आणि फोटोवाल्याने ते स्टूल मोठ्या शिताफीने झाकलंय.

ट्रॅक्टर छोटासा आहे, रोपवाटिकेतल्या अरुंद वाटांतून फिरणारा. त्याला क्लच नाही, चालता चालता गिअर बदलायची भानगड नाही. तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. हायड्रोस्टॅटिक असं त्याचं भारदस्त नाव आहे. सासूबाई त्याला ठेंगू म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघतात.

उजव्या पायाशी शेजारी शेजारी दोन पेडलं. मोठं दाबलं की पुढे, त्याच्या पलीकडचं छोटं दाबलं की मागे. पाय उचलला की ट्रॅक्टर आपोआप मंदावतो. ब्रेक डाव्या पायाशी, एकटा. शेंबड्या पोरालाही जमेल, असं नवरा म्हणाला होता. शेंबड्या पोराचे पाय पोचतील का, ते काही बोलला नव्हता.

माझे पोचत नाहीत. सीट अगदी पुढच्या खाचेत अडकवली, पाठीशी उशी लावली, तरी मोठ्या पेडलवर जेमतेम चवडा टेकतो. छोट्यासाठी सीटवरून खाली घसरावं लागतं. आणि सीटखाली एक आगाऊ स्विच आहे, बूड उचललं की इंजिन बंद. म्हणजे मी मागे जायला निघाले की ट्रॅक्टर गप्प. मग मी त्याला शिव्या घालायच्या, पुन्हा चालू करायचा, पुन्हा घसरायचं. सुरुवातीला रस्त्याने जाणारे थांबून ऐकत. पुढे मी कामच असं लावून घेतलं की मागे घ्यायची वेळ येऊ नये. रांगा संपतात तिथे मोठाली मोकळी जागा सोडली, की वळसा घालून निघता येतं. रोपं न्यायला येणारे म्हणतात, किती ऐसपैस ठेवलंय हो सगळं! ऐसपैस कसलं डोंबलाचं, माझ्या आखूड पायांचा प्रताप आहे तो.

रस्त्याच्या टोकाला मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरची सगळी दुखणीखुपणी तेच बघतात. पहिल्याच वेळी मला त्या सीटवर लोंबकळताना पाहून ते म्हणाले, "वहिनी, तिन्ही पेडलं चार बोटं तुमच्याकडे आणून देतो. लोखंडाचे तुकडे जोडायचे, झालं."

"आणि हे आमचे लंबू परत आले म्हणजे?"

"त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागतील. त्यांना नाही चालवता येणार."

"मग बोल्टवर बसवा. हवं तेव्हा काढता येईल."

मिस्त्री एकदम भडकले. "ब्रेकवर बोल्टचा तुकडा? हादऱ्याने ढिला झाला आणि उतारावर पायाखालून निसटला, म्हणजे कुणाला विचारायचं? मी करणार तर पक्कं करणार. नाहीतर राहू दे."

"राहू दे," मी म्हटलं.

त्यानंतर ट्रॅक्टर दुकानात गेला की दर वेळी ते विचारत आणि मी दर वेळी राहू दे म्हणे. पुढे पुढे ते नुसते भुवया उडवायला लागले.

नवरा समुद्रापलीकडे एका बंदरात क्रेन चालवतो. दोन वर्षांसाठी गेला होता. तिथल्या लोकांना तो आवडला, त्यांनी करार वाढवला, मग पुन्हा वाढवला. दोनाची किती झाली ते मी मोजत नाही. सासूबाई मोजतात आणि मला ऐकवतात.

जाण्याआधी त्याने मला ट्रॅक्टर शिकवला, तोही जेवणाच्या टेबलावर. समोर बसून टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर बोट मारायचा. उजव्या गुडघ्यावर मारलं की मी म्हणायचं 'जा'. डाव्यावर मारलं की 'थांब'. शेजारी त्याची आई जेवतेय, माझ्या तोंडात घास, आणि मी आपली जा, थांब, थांब, जा. सासूबाई म्हणाल्या, "सुनेला वेड लागलंय की मुलाला, ते एकदा ठरवा." मग आम्ही शेतात जायचो. फाटक उघडायला खाली उतरताना तो मला सीटवर बसवून सांगायचा, "डावा दाबून ठेव, मी आलोच." मी ब्रेकवर दोन्ही पायांनी रेटा देऊन बसायची. तो फाटक उघडायचा, वळून हसायचा आणि खरंच यायचा.

फोनवर ते आमचं बोलणंच होऊन गेलं. बाकीच्यांचे नवरे फोन ठेवताना काय काय गोड बोलत असतील. आमचा म्हणायचा, "डावा दाबून ठेव." मीही तेवढ्यावर आठवडा काढायची.

उगाच शहाणपणाचा आव कशाला आणू? मला तो हवा होता. रोपांवर वाकलेली असले की पाठीमागे पावलं वाजल्यासारखी वाटायची आणि मी वळून बघायची. कपाटातले त्याचे शर्ट मी अधूनमधून धुवायची, न घातलेलेच. आणि ती पेडलं मी कुणाला हात लावू देत नव्हते. ती एकदा माझ्या मापाची झाली की तो येणार नाही हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. तेवढं एक मला करायचं नव्हतं.

सासूबाईंना ते कळत होतं. एकदा मी पुरती घसरून नडगी सोलून घेतली तेव्हा औषध लावता लावता त्या म्हणाल्या, "पाय मोडलास म्हणजे तो येईल, असं काही आहे का तुझ्या डोक्यात?"

 डोक्यात तसंच काहीतरी होतं.

आणि या वर्षी तो आला. सुट्टीवर, पण चांगला महिनाभर. जरा सुटला होता, कानाशी पांढरं दिसत होतं, आणि दारात डोकं आपटून घेतलं त्याने. वाकायचं विसरला. मी आणि सासूबाई पोट धरून हसलो. मला तर त्या दिवशी कशानेही हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ट्रॅक्टरकडे गेला. माझी उशी माझ्या अंगावर फेकली, सीट कर्र करत पार मागे सरकवली आणि बसला. त्या आवाजाने मला कोण आनंद झाला! ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी बादलीत खत भरून घेतलं आणि निघाला. मी जाळीच्या शेडचं दार उघडायला पुढे धावले. पाण्याच्या टाकीजवळ त्याला थांबायचं होतं. त्याने उजवा पाय दाबला.

उजवा म्हणजे जा. ट्रॅक्टर उसळला. थांबत नाही म्हणून त्याने आणखी जोराने दाबला, तसा तो आणखी सुटला, सरळ टाकीच्या रोखाने. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "डावा! डावा!"

आणि त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

टाकी वाचली. डावीकडे रोपांच्या ट्रेची मांडणी होती, ती आडवी झाली. धक्क्याने तो सीटवरून उडाला, स्विचने इंजिन बंद केलं, म्हणून पुढचं निभावलं. केसांतली माती झटकत तो उतरला, लागलं कुठेच नव्हतं.

"अगं, तूच डावीकडे म्हणालीस ना!"

"डावा म्हटलं मी."

"तेच ते."

"तेच नाही," मी म्हटलं.

 मग त्याच्या लक्षात आलं आणि चेहरा उतरला. म्हणाला, तिकडे गाडीला ब्रेक उजव्या पायाने मारतो, क्रेनवर तर पायांना कामच नाही, दोन दांड्यांवर सगळं. "पाय विसरले गं." मी उपडे ट्रे उचलायला लागले. फोन ठेवताना दर वेळी तो तेच तीन शब्द म्हणायचा. ते नुसते तोंडात बसले होते. इतके दिवस मी ब्रेकवर रेटा देऊन बसले होते, आणि ते कशाबद्दल आहे हे त्याला आठवतही नव्हतं.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "आला म्हणून आनंद करावा, तर रोपांचा निकाल लावला मेल्याने." म्हणाल्या चेष्टेने, पण हसलं कुणीच नाही.

नंतर तो ट्रॅक्टरवर बसला नाही. बांधावर बसून मला चालवताना बघायचा. उशी, चवडा, घसरणं, इंजिन बंद, शिव्या, सगळं बघितलं त्याने. फोनवर यातलं काहीच दिसत नसतं.  मग एका दुपारी वेल्डिंगच्या सामानासकट मिस्त्रींनाच घेऊन आला.

"हे काय?"

"तुझी पेडलं. अशी लोंबकळत चालवतेस, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

मिस्त्री आपल्या वायरी उलगडण्यात फारच गुंतले.

"नको," मी म्हटलं.

"का नको?"

"तुझे गुडघे लागतील."

तो ट्रॅक्टरपाशी उकिडवा बसला होता. ब्रेकवरची माती अंगठ्याने खरवडत, वर न बघता म्हणाला, "मला कुठे चालवायचाय आता."

"म्हणजे? नीट बोल. पूर्ण बोल."

 "मी कायमचा परत येईन असं मला वाटत नाही गं. तिकडचं सगळं अंगवळणी पडलंय. तू ये म्हटलं तर तू यायची नाहीस, आईला आणि हे सगळं टाकून. तेही कळतं मला. पण तू पडून हातपाय मोडलेस तर मी तिथे बसून काय करू? एवढं तरी मला करू दे."

दारातून सासूबाई आत निघून गेल्या. भांडायला माझ्याकडे पुष्कळ होतं. वर्षानुवर्षं साठवलेलं, धार लावून ठेवलेलं. तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं, म्हणून मी वर चढून सीटवर बसले.

त्याने सीट नेहमीसारखी न ठेवता आरामात बसता येईल इतकी मागे घेतली. माझे बूट काढले. मग गुडघे टेकून माझी उजवी टाच तळहातावर घेतली आणि पाय जिथे न ताणता टेकेल तिथे अधांतरी धरली.

"इथपर्यंत," तो मिस्त्रींना म्हणाला.

मिस्त्री पट्टी लावून वाकले. हात तसाच गरम होता त्याचा, पूर्वी होता तसा. तो पाय झाला की डावा घेणार, आणि मग सोडणार.

"मिस्त्री, माप सावकाश घ्या," मी म्हटलं. "काही घाई नाही."