काशीबाईचो वाटो

आरोंद्याच्या हरिश्चंद्राने जन्मभर कपडे धुतले, पण एकही कपडा पुरता धुतला नाही. हसू नका, त्याची नोकरीच तशी होती.

'चांदणफेस' नावाची धुण्याची पावडर तेव्हा नवीन निघाली होती. लोकांचा भरवसा राखेवर, रिठ्यावर, फार तर वडीच्या साबणावर. निळ्या भुकटीने कपडा निघतो हे त्यांना पटवायचं कोणी? हरिश्चंद्राने. कुडाळच्या बाजारात कर्ण्यावर ओरडून तो गर्दी जमवायचा, तांबड्या मातीत मळवलेला सदरा अर्धाच बादलीत बुडवायचा, चोळायचा आणि उंच धरायचा. "बघा गो बायांनू, हयसर काळोख, हयसर चांदणा!" पुरता धुतला तर जाहिरात कसली?

उरलेला अर्धा मळ घरी यायचा, बायकोच्या पुढ्यात. काशीबाई मासे विकायची, वाटे लावून. घरातही तीच भाषा. "जगाक अर्धो दाखवतंस नि अर्धो माझ्या गळ्यात. ह्यो माझो वाटो, होय मा?" मग विहिरीकडच्या दगडावर रिठ्याने असा घासायची की तिची बाजू पावडरीपेक्षा उजळ निघे. कंपनीच्या साहेबापासून हे लपवताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ येत.

कंपनी बुडाली त्या दिवशी शेवटचा सदरा घरी आला. तो तिने धुतलाच नाही. "रवांदे तसोच. माझो वाटो धुवन टाकलंय तर उद्यापासून भांडूक काय उरतला?"

पुढे बरीच वर्षं ती त्या सदऱ्यावरून हौसेने भांडली, आणि दोन वर्षांपूर्वी गेली. सदरा ट्रंकेत राहिला.

परवा पणजीहून दीपिका नावाच्या बाईचा फोन आला. जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन भरवत होती, कुणाकडून तरी ऐकून तिला तो अर्धा धुतलेला सदरा काही दिवसांसाठी हवा होता. हरिश्चंद्राला किती बरं वाटलं म्हणून सांगू! काशीबाई गेल्यापासून त्याला आपणहून कोणी फोन केला नव्हता. सदऱ्याला कुबट वास लागला होता, म्हणून त्याने तो अंगणात दोरीवर टाकला आणि पाव आणायला नाक्यावर गेला.

शेजारची उर्वशी गुणी सून. म्हाताऱ्याचा मळका सदरा तिने पाहिला, नेला आणि मशीनमध्ये टाकला. तो परतला तर ती घडी घेऊन दारात उभी. "काका, सगळे डाग गेले. माका सांगूक काय झाला?"

त्याने सदरा उलटसुलट केला. मधली रेघ गेली होती. आपली बाजू कुठली नि तिची कुठली, काही कळेना. रागवायचं तरी कसं? पोरीने माया केली होती. "बरा केलंस गो," तो म्हणाला, आणि आत जाऊन रडला. बायको गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा रडायला मिळालं नव्हतं.

संध्याकाळी दीपिका आली. पांढरा सदरा पाहून हिरमुसली, मग म्हणाली, "काका, पुन्हा मातीत मळवून अर्धा धुतला तर? बघणाऱ्याला काय कळणार?"

बाई काही वावगं बोलली नाही. तो जन्मभर तेच करत आला होता. पण त्याने नकारार्थी मान हलवली. कर्णा आणि पावडरीचे रिकामे डबे घेऊन ती गेली.

गाडी वळणापार गेल्यावर मात्र तो उठला. अंगणातली तांबडी माती भिजवली, सदरा सगळा मळवला, अर्धा बादलीत बुडवून धुतला. उरलेला अर्धा तसाच ठेवून सदरा काशीबाईच्या दगडावर नेऊन टाकला.

सकाळी उर्वशी विहिरीवर आली आणि सदरा उचलायला वाकली.

"रव गो," हरिश्चंद्र पायरीवरून म्हणाला. "माझो धुवन झालो. तिच्या वाट्याक हात लावलंस तर भांडतली."