आपोआप वाढलेलं झाड

"सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसणार नाही," असं म्हणत आबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि कंपनीच्या आवारातल्या फरशीला उजवा कान लावून चक्क आडवे झाले.

आवार म्हणजे इमारतीच्या पायरीपासून फाटकापर्यंत नुसती फरशी. कडेनं गाड्या आणि मधोमध एका ओळीत आठ झाडं. त्यातली सात जेमतेम माणसाच्या खांद्याएवढी, काटकुळी, पानं मोजून घ्यावीत अशी. आठवं मात्र दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत डोकावत होतं.

त्या आठव्याखाली नव्या इंजिनिअर बाई नकाशाची गुंडाळी घेऊन उभ्या होत्या. बारा वाजता मीटिंग होती. नकाशाप्रमाणे आठही झाडं काढून तिथं पत्र्याच्या कुंड्या यायच्या होत्या. बाईंच्या मनाला ते पटत नव्हतं. पण सात झाडं मरायला टेकलेली असताना 'झाडं ठेवा' म्हणायचं, तर हातात काहीतरी हवं. म्हणून सकाळी आल्याआल्या त्यांनी माळीणबाईंना विचारलं होतं, हे एकच कसं वाढलं?

माळीणबाई म्हणजे आबांची सून. आबांची नोकरी संपल्यापासून झारी-खुरपं तिच्याच हातात होतं. झाडांशी दिवसभर बोलणारी ही बाई साहेब माणूस समोर आलं की मुकी व्हायची. तिनं पायाच्या अंगठ्याकडे बघत उत्तर दिलं, "आपोआप आलं."

जे आपोआप आलं, त्याच्यावर कुठली मीटिंग सही करते? बाईंनी नाइलाजानं गुंडाळी काखेत मारली. फाटकावरच्या वॉचमननं हे ऐकलं आणि लगेच आबांच्या घरी फोन लावला. वीस मिनिटांत आबा हजर. सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली.

"आबा, उठा. लोक बघतायत," सून पुटपुटली.

"बघू देत. फुकट आहे. तर मॅडम, मी असा कान लावला आणि काय ऐकलं? खाली मूळ खोकत होतं."

"खोकत होतं?"

"कोरडा खोकला. खाली हवाच नाही हो! फरशी घालायच्या आधी रोलर फिरवून जमीन अशी दाबलेली, की मुंगीला आत जायचं तर अंग चोरावं लागेल. मूळ बिचारं जाणार कुठं?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. खोकला सोडून बाकीचं त्यांनी लिहून घेतलं.

आबा उठून बसले. आतापर्यंत चहाचे कप घेऊन पाच-सहा जण जमले होते आणि श्रोते वाढले की आबांचा आवाजही वाढायचा.

"मग मी एक गांडूळ पकडलं. चांगलं तरणंबांड. त्याच्या कमरेला दोरा बांधला आणि फटीतून आत सोडलं. म्हटलं, जा बाबा, मोकळी माती कुठं आहे ते बघून ये. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या मोरीतून बाहेर आलं. रिकाम्या हातानं!"

"गांडुळाला हात कुठं असतात, आबा?" वॉचमन म्हणाला.

"म्हणूनच रिकामं आलं ना, गाढवा."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण घड्याळाकडे बघून. सव्वाअकरा झाले होते.

सून हसली नाही. तिला खरी गोष्ट माहीत होती. कारण ती तिनंच केली होती. तीन वर्षांपूर्वी आवारातला पाण्याचा पाइप फुटला आणि आठव्या झाडाच्या बाजूची फरशी चार दिवस उखडून ठेवली होती. त्या चार दिवसांत तिनं पहारीनं तिथली दगडासारखी झालेली जमीन कमरेइतकी खणून काढली, हाताचे फोड फडक्यात बांधून. खड्ड्यात मोठमोठे दगड एकमेकांवर टेकवून रचले आणि मधल्या पोकळ्यांत पालापाचोळ्याचं खत घातलेली माती पाण्याबरोबर सोडली. मग कामगारांनी त्यावर फरशी पूर्ववत बसवली. त्या वेळी आबा पायाला प्लास्टर घालून घरी पडून होते. तरी आता सगळं श्रेय ते स्वतःकडे ओढत होते. ओढू देत. घरात मिठाचा डबा सापडला तरी तो आबांनीच शोधलेला असायचा. तिनं खुरपं उचललं आणि उगाच आळ्यातलं गवत काढायला बसली.

"मग मी ठरवलं, स्वतःच खणायचं," आबा म्हणाले. "एकट्यानं. एका दुपारीत."

खुरपं चालू राहिलं.

"आत दगड घातले. केवढे? हे एवढे, लिंबाएवढे."

खुरपं थांबलं. सुनेचे ओठ हलले, मिटले. आबांनी तिरक्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाले, "लिहा, लिंबाएवढे."

बाईंनी लिहिलं.

"आणि पाणी रोज एक पिंप. खोडावरच ओतायचं, धबाधबा."

सुनेनं त्यांच्याकडे पाठ केली. मान लाल झाली होती. पिंपभर पाणी खोडावर! तेच तर आधी बंद केलं होतं तिनं. बाईंचं पेन कागदावर चालत होतं, त्याचा आवाज तिला ऐकू येत होता. तो कागद आता वर जाणार, आणि त्यात लिहिल्याप्रमाणे कुणीतरी उरलेल्या सातांनाही...

"आणि खरी गोम शेवटी," आबा उभे राहिले. हातात नसलेलं धुम्मस त्यांनी डोक्यावर उचललं. "माती घातली, की धुम्मस घ्यायचं आणि ठोकायची. अशी! अशी! वरून हत्ती नाचला तरी हलू नये अशी घट्ट!"

"खोटं!"

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतली डोकी बाहेर आली. सून उभी राहिली होती. कपाळाला माती लागली होती, तीही तिनं पुसली नाही.

"साफ खोटं! मॅडम, खोडा ते. माती ठोकली असती तर हे झाड केव्हाच गेलं असतं. दगड लिंबाएवढे नाही, दोन मुठी होतील एवढे लागतात. वरच्या गाड्यांचा भार ते दगड घेतात, म्हणून मधली माती मोकळी राहते. मोकळी राहिली तर हवा, हवा असेल तर मूळ. आणि धुम्मस..." ती आबांकडे वळली. "धुम्मसानं ठोकलीत तुम्ही, आबा. या सातांची ठोकलीत! तुमच्याच हातानं, तुमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी. घरी कितीदा बोलला आहात, माझं तिथंच चुकलं म्हणून!"

आबांनी डोक्यावर धरलेले हात हळूच खाली घेतले. भर कोर्टात पकडल्या गेलेल्या माणसाला शोभेल असा चेहरा करायचा ते मनापासून प्रयत्न करत होते. पण मिशी काही केल्या जागेवर राहात नव्हती.

"सातही वाचतील?" बाईंनी विचारलं. आबांना नाही.

"वाचतील. एकेकाला चार दिवस द्या मला."

बाईंनी लिहिलेलं पान उभं फाडलं, नवं पान काढलं आणि आबांना ओलांडून सुनेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "आणि वरही तुम्हीच यायचं. बाराला."

वॉचमन आबांच्या कानाशी लागला. "तोंडघशी पडलात की हो, आबा. सुनेनं चारचौघांत खोटं पाडलं."

"बघितलंस ना?" आबा म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं ना? बोलली की नाही ती!"