दोनशे छप्पन्नची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनं साउंड कार्ड आहे. नाव ऐकून पत्त्यांच्या डावातलं पान डोळ्यांसमोर आणू नका. मी जेवणाच्या डब्याएवढी, काळी, पत्र्याची वस्तू आहे. कॉम्प्युटरमधली गाणी आकडे होऊन माझ्या पोटात येतात आणि आवाज होऊन स्पीकरकडे जातात. माझा मालक मला लाडाने 'डबी' म्हणायचा. तेव्हापासून मी स्वतःला मुलगीच समजते.

एका कारखान्यात भिंगातून बघणाऱ्या एका बाईंनी सोल्डरिंगचा डाख देऊन देऊन मला जोडलं, माझ्यातून एक बारीक शिटी वाजवून पाहिली आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट स्केटिंगच्या मैदानावर. मैदान होतं ताईचं. ती खिडकीत बसून चाकांचे बूट भाड्याने द्यायची. तिचा धाकटा भाऊ तिथे डीजे होता. लहानपणी ताट, वाटी, दार, जे हाताला लागेल ते वाजवत बसायचा, म्हणून ताईनेच त्याचं नाव 'ठेका' पाडलं होतं.

पहिला अख्खा दिवस ठेका माझा बफर लावत बसला. बफर म्हणजे माझ्या पोटातलं भांडं. कॉम्प्युटर ते भरतो, मी ओतते. भांडं मोठं ठेवलं तर भरायला वेळ लागतो, बटण दाबल्यावर आवाज रेंगाळत येतो. फार लहान ठेवलं तर पुन्हा भरायच्या आत रिकामं होतं आणि गाणं तडतडतं. ठेक्याने भांड्याच्या मापाचा आकडा आधी एक हजार चोवीस ठेवून पाहिला. "ही तर झोपलीच की!" मग चौसष्ट. तापल्या तेलात पाणी पडावं तशी मी तडतडले. दुपारी दोनशे छप्पन्नवर आला आणि खुर्चीतून उडालाच.

"ताई, सापडलं! आता हिला कुणी हात लावायचा नाही."

ताईने चिकटपट्टीवर पेनाने २५६ लिहिलं आणि ती चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटवली.

त्यानंतरची नऊ वर्षं सुखाची गेली. ठेका एका गाण्यातून दुसऱ्यात असा शिरायचा, की मैदानावर फिरणाऱ्या कुणाचंही पाऊल चुकायचं नाही. माझं बटण तो दोन बोटांनी फिरवायचा, एकदाच. कुणी कौतुक केलं, की माझ्यावर टिचकी मारून म्हणायचा, "सगळं हिचं आहे हो." तेव्हा मी फुगून जायचे.

दहाव्या वर्षी एकदा तो म्हणाला, "ताई, आवाज मागे राहतोय गं."

"मला तर बरोबर ऐकू येतंय."

"तुला काय कळतंय? तू तुझे बूट सांभाळ."

चिठ्ठीवरच्या २५६ वर काट पडली, खाली १२८ आलं. काही महिन्यांनी त्यावरही काट पडली, ६४ आलं. आवाज जरा खरखरू लागला, तरी ठेक्याला तो उशिराच वाटायचा.

खरं काय ते मला ठाऊक होतं. त्याची बोटं माझ्या बटणावर आली, की थरथरायची. जिथे एकदा फिरवायचं तिथे तो तीनदा चाचपडायचा. पण मित्रांनो, जगाचा आवाज माझ्यातून जातो आणि माझा स्वतःचा असा मला नाही. मी त्याला कसं सांगणार?

मग वार्षिक कार्यक्रमाचा दिवस आला. एका मुलीने वर्षभर एक गिरकी बसवली होती. तिचे आईबाबा पहिल्या रांगेत होते. ठेक्याने सकाळीच मला बत्तीसवर आणून ठेवलं होतं. गिरकी सुरू झाली आणि माझं भांडं कोरडं पडलं. मी तडतडले, मग गप्पच झाले. ती मुलगी हात पसरून मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि रडू लागली.

"हिनेच घात केला!" ठेका सगळ्यांदेखत ओरडला. त्याने माझी वायर उपटली आणि मला जुन्या नाड्यांच्या खणात टाकलं.

त्याने नवीन कार्ड आणलं. महिन्याभरात खणातल्या अंधारात मला त्याचे शब्द ऐकू आले, "हीपण तसलीच निघाली!" त्या दिवशी ताईने खण उघडला, मला पदराने पुसलं आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने मला दोनशे छप्पन्नवर आणलं, माझ्यातून निघणारी वायर परत माझ्यातच जोडली, एक टक्‌ आवाज पाठवला आणि तो परतायला लागलेला वेळ मोजला. "डबी ठणठणीत आहे. जेवढा वेळ लागायला हवा तेवढाच लागतोय." मग त्याने एक साधा ताल लावला आणि ठेक्याला म्हणाला, "तुम्ही जरा याच्यावर बटण दाबा बघू."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तालाच्या रेघा उमटत होत्या आणि ठेक्याच्या बोटाच्याही. त्याच्या बोटाची प्रत्येक रेघ मागे पडत होती. "पुन्हा लावा," ठेका म्हणाला. पाच वेळा लावलं. दुरुस्तीवाला उगीचच वायरी गुंडाळू लागला.

"हात दे इकडे," ताई म्हणाली.

ठेक्याने हात खिशात घातला. "काही झालेलं नाही."

"दे म्हणते ना."

तिच्या तळहातावर त्याचा हात थरथरत राहिला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील." त्याने माझ्याकडे पाहिलं. "डबीच बिघडली असावी असं वाटत होतं गं. तीच बिघडलेली असू दे, असं वाटत होतं."

डॉक्टरांनी सांगितलं, की मेंदूचा निरोप हाताला उशिरा पोचतोय. लवकर आला असतात तर इतकं मागे पडला नसतात. हे दुरुस्तीवाल्याला सांगताना ताई हुंदके देत होती. "मला म्हणाला होता रे, आवाज मागे राहतोय. मी बूट सांभाळत बसले."

आता मैदानावर आधीच जोडून ठेवलेली गाणी वाजतात. ताईने नवी चिठ्ठी लिहून माझ्या पाठीवर लावली आहे, २५६. सकाळी मैदान रिकामं असताना ती ठेक्याला माझ्यापाशी आणून बसवते. तो दोन गाणी जोडू पाहतो, जोड निसटते. मग तो हळूच टिचकी मारतो आणि म्हणतो, "माझंच चुकलं गं, तुझं नाही." एके काळी हेच शब्द ऐकायला मी तळमळले होते. आता वाटतं, खरंच मीच बिघडले असते तर किती बरं झालं असतं.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आमच्या वायरी ओढू नका. पण तुमच्या घरात कुणी एकच वस्तू बिघडली, बिघडली असं पुन्हा पुन्हा म्हणू लागलं, तर वस्तू उघडून बघण्याआधी त्या माणसाचा हात हातात घ्या.