आधी विचारलं म्हणून

"सगळं वाचत बसू नका काका, शेवटच्या पानावर सही करा," असं म्हणत साहेबांनी पेन पुढे केलं. काकांनी पेन घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. साहेब त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि वेळेच्या बाबतीत भलतेच कंजूष. ते खुर्चीशेजारी उभ्या उभ्याच मोबाइल बघत राहिले.

अहवाल जेमतेम दीड पानाचा होता. कंपनीने ज्या हॉस्पिटलात माहिती साठवायची यंत्रं बसवली होती, तिथे एका पेशंटच्या रक्ताचा रिपोर्ट वॉर्डात दोन तास दिसलाच नव्हता. उपचार लांबले, पेशंट कसाबसा वाचला. यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही, सबब रिपोर्ट लॅबमधूनच उशिरा ठेवला गेला असावा, असं साहेबांनी लिहिलं होतं. लॅबमधल्या बाईंना अकरा दिवसांपूर्वीच घरी बसवलं होतं आणि आज दहा वाजता त्यांची चौकशी होती. या कागदावर काकांची सही झाली की बाईंची नोकरी गेली, इतका सरळ मामला होता.

"हे खोटं आहे," काका म्हणाले.

"'असावा' लिहिलंय ना? आपण कुणावर आरोप करत नाही आहोत."

त्या 'असावा'ने काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही न करता त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि मीही हॉस्पिटलात येतो म्हणाले. साहेबांनी फारशी हरकत घेतली नाही. काका बोलायला लागले की कुणाला ओ की ठो कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काकांना ऑफिसात सगळे कुलूपकाका म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. यंत्राच्या अगदी पोटात जो कोड चालतो, त्यातला फोल्डरना कुलपं लावण्याचा भाग ते बावीस वर्षं सांभाळत होते. फोल्डरमध्ये नव्या फाइलचं नाव लिहायचं तर आधी त्याला कुलूप घालायचं, लिहून झालं की काढायचं, तोवर बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. एका फोल्डरमधून दुसऱ्यात काही हलवायचं तर कुलपं दोन, आणि तीही ठरलेल्या क्रमानेच, नाहीतर दोन कामं एकमेकांची वाट बघत जन्मभर अडून बसतात. काकांची बायको म्हणायची की एवढी जगाची कुलपं सांभाळता, पण घराची किल्ली रोज माझ्याकडेच मागता. बाकी त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नव्हतं. बढतीच्या वेळी त्यांचं नाव कुणाला आठवत नसे, आणि काही बिघडलं की पहिलं त्यांचंच आठवे.

कुलपांच्या शेजारीच नावांची आठवण असे. प्रत्येक वेळी डिस्क धुंडाळायला लागू नये म्हणून यंत्र विचारलेली नावं लक्षात ठेवतं. सापडलेली ठेवतं तशी न सापडलेलीही ठेवतं, आणि तेच नाव पुन्हा विचारलं की न बघताच 'नाही' सांगून मोकळं होतं. यात वावगं काहीच नाही. फक्त ते नाव कुणी खरोखर लिहिलं, की सगळ्या यंत्रांच्या आठवणीतून तो 'नाही' लगेच पुसला गेला पाहिजे. काकांच्या कोडमध्ये हे पुसून झाल्याशिवाय कुलूप निघतच नसे. त्याला वेळ लागायचा. गेल्या वर्षी साहेबांनी ठरवलं की कुलूप लगेच काढायचं आणि पुसायचं काम मागाहून, सवडीने करायचं. यंत्र दीडपट वेगाने पळायला लागलं आणि साहेबांचा सत्कार झाला. हे अंगाशी येईल असं काकांनी तीनदा लेखी कळवलं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की सगळ्या चाचण्या पास आहेत.

पास होणारच. चाचणी करणारी मंडळी आधी फाइल ठेवायची आणि मग शोधायची. अजून नसलेली वस्तू मागून बघायची वेळ त्यांच्यावर कशाला येईल? ती वेळ येते ज्याच्यासमोर माणूस धापा टाकत असतो त्याच्यावर. हे काकांना गाडीत बसल्या बसल्या सुचलं, आणि हॉस्पिटल येईपर्यंत त्यांनी खिडकीवरची नजर काढली नाही.

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत होती. वॉर्डाच्या सिस्टर एका भिंतीला आणि लॅबच्या बाई दुसऱ्या भिंतीला, दोघीही एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. रिपोर्ट अकरापर्यंत आलाच नव्हता असं सिस्टरनी सांगितलं. आपण तो वेळेत ठेवला होता आणि आपल्या पडद्यावर तो दिसतही होता असं बाई म्हणाल्या, पण अकरा दिवस तेच तेच सांगून त्यांचा आवाज बसला होता. अधीक्षक म्हणाले की दोघींपैकी कुणीतरी एक नक्की खोटं बोलतंय.

काकांनी सिस्टरना विचारलं, "पहिल्यांदा कधी शोधलात?"

"नऊ दहाला. आला नसणार ते ठाऊक होतं मला. पण पेशंटकडे बघवत नव्हतं, म्हणून बघितलं. मग दर पाच मिनिटांनी बघत होते."

मग काकांनी अधीक्षकांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर सिस्टरसमोर सरकवला. तो वॉर्डाच्या यंत्राला जोडलेला होता. लॅबच्या यंत्राला जोडलेला लॅपटॉप त्यांनी बाईंसमोर ठेवला. दोन्ही यंत्रांमागे डिस्क एकच होती. त्यांनी एक काल्पनिक नाव सिस्टरना शोधायला सांगितलं. नाही, असं उत्तर आलं. त्याच नावाची फाइल बाईंनी ठेवली, आणि ती ठेवलेली सगळ्यांनी पाहिली. सिस्टरनी पुन्हा शोधलं. नाही. पाच मिनिटांनी शोधलं. नाही. मग काकांनी बाईंना दुसरंच, कुणी न विचारलेलं नाव ठेवायला लावलं. ते सिस्टरना पहिल्या झटक्यात सापडलं.

पहिले बोलले ते साहेब. सकाळी गर्दी असते, पुसायचं काम मागे पडतं, असं फार क्वचित होतं, असं ते म्हणायला लागले.

"क्वचित नाही," काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कुणी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "जिला काळजी आहे तीच आधी विचारते. तिला आपण दोन तास न बघता नाही म्हणालो, आणि खापर फोडलं या बाईंच्या माथी. तुम्हाला वेग हवा होता ना? तो यांच्या जिवावर घेतलात. मीही तीन पत्रं लिहिली आणि मग मूग गिळून बसलो. तेवढं माझंही चुकलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आपण ऑफिसात बोलू म्हणाले. अधीक्षकांनी तो दीड पानाचा अहवाल मिटून बाजूला ठेवला. बाईंनी उद्यापासून कामावर यावं, असं ते खिडकीकडे बघत म्हणाले. माफी कुणी मागितली नाही. सिस्टर मात्र उठून बाईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

काकांनी डिस्कवरची त्या दिवसाची, आजवर कुणीच न बघितलेली नोंद उघडून दाखवली. बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली.

"म्हणजे मी ठेवला होता," त्या म्हणाल्या.

"ठेवला होतात. नऊ वाजून बारा मिनिटांनी."

"घरी सगळे म्हणत होते, नीट आठव. रोज आठवत होते. परवापासून मला आठवेनासंच झालं होतं हो. वाटलं, नसेलच ठेवला."

काका वायर गुंडाळत बसले.

बाहेर पडताना त्यांना बाई कॉरिडॉरच्या टोकाशी फोनवर बोलताना दिसल्या. "ठेवला होता मी," त्या सांगत होत्या. "नऊ वाजून बारा मिनिटांनी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, नोकरीचं नंतर सांगते," बाई म्हणाल्या. "आधी एवढं ऐकून घे."