आत्याच्या घरची भद्रा

मी एक पंचांग. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण अशी पाच अंगं. सहावं अंग म्हणजे कोपऱ्यातलं भोक. त्यातून सुतळी ओवून आत्याने मला शिलाई मशीनच्या वर, खिळ्याला टांगलं.

आत्या शाळेचे गणवेश शिवायची. कापडाला कात्री लावायची तरी आधी माझ्याकडे बघायची. घरात ती आणि तिची भाची, दोघीच. आईविना पोर आत्यानेच वाढवलेली. ती लिफ्ट दुरुस्तीचं शिकली आणि तिला दूरच्या शहरात नोकरी लागली.

"कधी निघू, आत्या?"

आत्याने माझ्या पानावर बोट फिरवलं. "आज नको. भद्रा आहे."

मी चाटच पडलो! त्या पानावर भद्रेचा मागमूसही नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने दीड तासाचा राहुकाळ काढला, तोही चांगला दिवसभर पुरवला. मग रिक्ता तिथी. मग म्हणे नक्षत्रच बरं नाही. मी काय करणार? छापील माणसाला उलट बोलता येत नाही.

शेवटी कंपनीचा फोन आला. सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. भाचीने फोन ठेवला आणि मला खिळ्यावरून काढलं.

"आत्या, यात तर उद्या शुभ दिवस लिहिलंय."

मशीन थांबलं. "चष्मा लावून वाच."

"मला चष्मा आहे कुठे?"

"मग छपाई चुकली असेल."

मला असा राग आला म्हणता! पण आत्याचा चेहरा पाहिला आणि तो कुठल्या कुठे गेला. ती उगाच सुईत दोरा ओवत होती. सुईत दोरा आधीच होता.

"तू गेलीस," ती म्हणाली, "की हे मशीन बंद केल्यावर घरात आवाज कुणाचा?"

भाची तिच्या पायाशी बसली. "मी जाणार आहे, आत्या. पण तू सांगशील तेव्हाच निघेन."

आत्याने नाक पुसलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. "उद्याच जा. परवापर्यंत मला पुन्हा काहीतरी सुचेल."

आणि सकाळी तिने मला भाचीच्या पिशवीत कोंबलं. "हे घेऊन जा. इथे राहिलं तर मी रोज तुझ्या परतीचा मुहूर्त काढत बसेन."

आता मी भाचीच्या भाड्याच्या खोलीत, स्टोव्हशेजारी असतो. कडा पिवळ्या पडल्यात, एका पानावर वंगणाचा अंगठा उमटलाय. माझं वर्ष सरत आलं. तेवढ्यात एक सांगून घेतो: दिवस खुशाल विचारा, पण मनातली भीती माझ्या नावावर खपवू नका.

काल दुपारी दार वाजलं. भाचीने उघडलं तर दारात आत्या, घामाघूम, हातात पिशवी.

"अगं, कळवायचं तरी! आणि आज अमावस्या ना?"

"असू दे गं," आत्या चपला काढत म्हणाली, "बसमध्ये खिडकीची जागा मिळाली."