दवाखान्यातला पोत्यांचा काटा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी वजनकाटा आहे. भाजीच्या गाडीवर लटकतो तसला हलका नव्हे. माझे अंग ओतीव लोखंडाचे, पाठीवर जाड फळ्या आणि एका बाजूच्या खांबावर आडवी पितळी दांडी. दांडीवर आकडे कोरलेले आहेत आणि त्यांच्यावरून एक छोटे वजन पुढेमागे सरकते. फळ्यांवर मोठे ओझे ठेवले, तरी माझ्या पोटातल्या तरफांमुळे दांडीवरचे ते एवढेसे वजन त्याला तोलून धरते. यात जादू काही नाही. दांडी हवेत सरळ थांबली की आकडा वाचायचा.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यातून बाहेर काढून मला कानशीने घासले, हिरवा रंग दिला आणि एका गोदामात नेऊन ठेवले. सकाळपासून तिथे पोती यायची. हमाल पाठीवरचे पोते माझ्यावर असे टाकायचे की माझे सांधे खिळखिळे व्हावेत. पण मी कधी कुरकुर केली नाही. दोन व्यापाऱ्यांत वाद पेटला की मुकादम माझ्या खांबावर थाप मारून म्हणायचा, "आता हाच सांगेल. बाकीच्यांनी गप्प बसा." ते ऐकून मला फार बरे वाटायचे.

पुढे दिवे लागणारे, लाल आकडे दाखवणारे काटे आले. काही वर्षांनी गोदामही उठले आणि त्या खोल्यांत सरकारी दवाखाना सुरू झाला. मला हलवायला आलेल्या माणसांनी जोर लावला, घाम पुसला आणि "राहू दे म्हाताऱ्याला इथेच" म्हणून व्हरांड्याच्या कोपऱ्यात ढकलून दिले. तेव्हापासून लोक माझ्यावर छत्र्या ठेवू लागले. कुणीतरी दांडीवर ओले फडके वाळत घातले. माझ्याकडून तोलून घ्यायचे कुणाच्या मनातही येत नव्हते.

माझ्या कोपऱ्यातून तपासणीची खोली सरळ दिसायची. तिथे पेशंटांसाठी पाटासारखा एक छोटा काटा होता. त्यावर चढायचे आणि हालचाल न करता उभे राहायचे. दोन्ही पाय धड असणाऱ्यांसाठी मोठा सोयीचा.

तिथे तपासायला एक म्हातारी मावशी यायची. तिचे पाय लहानपणीच्या आजाराने गेलेले. तिने जन्मभर हाताने फिरवायच्या मशीनवर कपडे शिवले होते. त्यामुळे खांदे आणि दंड भरदार, आणि लुगड्याखाली पाय मात्र काडीसारखे. आता वय झाले होते आणि हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली होती. तिचा धाकटा भाऊ तिची चाकांची खुर्ची ढकलत आणायचा. धाकटा म्हणजे तोही केस पिकलेलाच. सगळे त्याला मामा म्हणायचे. गोदामाच्या काळात हातगाड्यांसाठी केलेला उतार शाबूत होता, म्हणून खुर्ची निदान व्हरांड्यापर्यंत चढायची.

एके दिवशी मावशीचा चेहरा उतरला होता. नव्या डॉक्टरीणबाई तिला तपासत होत्या.

"जेवण जातं का, मावशी?"

"घास बघितला तरी मळमळतं. डोकं गरगरतं."

"स्वयंपाकाला नावं ठेवते," मामा म्हणाला.

"तुझा स्वयंपाक आहेच तसा. पण आता पाणीसुद्धा गोड लागत नाही रे."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर चाळला. "हे वजन कधी केलं?"

"केलं कुठे? आधीच्या डॉक्टरांनी बघून लिहिलं," मावशी म्हणाली.

"बघून?"

"मग काय हुंगून? उभं राहिल्याशिवाय तुमचा तो पाट बोलत नाही. मी खुर्चीत बसलेली. त्यांनी मला वरून बघितलं आणि लिहून टाकलं."

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "मावशी, तुमच्या या हृदयाच्या औषधाचं माप ठरवताना वजन लागतं. जास्त झालं तर अशीच मळमळ होते, चक्कर येते, जिवालाही धोका होऊ शकतो. कमी पडलं तर दम लागतो. मला नक्की कळायला हवं. मोठ्या दवाखान्यात खुर्चीसकट वजन करतात, तिथे..."

"तिथे जायला दोन बस लागतात," मामा म्हणाला. "खुर्ची दिसली की कंडक्टर घंटीच मारतो. रिक्षाचं तर नाव काढू नका."

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरचे लक्ष व्हरांड्यात गेले आणि तिथून माझ्याकडे. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यावरच्या छत्र्या उचलल्या. सिस्टरने सांध्यांत तेल सोडले. दवाखान्यातली औषधाची सीलबंद खोकी, ज्यांच्यावर वजन छापलेले होते, ती ठेवून बघितली. मी बरोबर आकडा दाखवला. सगळे खूश झाले, एक मावशी सोडून.

"यावर पोती तोलायचे ना?" तिने विचारले.

"हो, पण..." सिस्टर म्हणाली.

"मग मी काय गोणी आहे? हूक लावून उचला ना मला!"

"ताई, हट्ट करू नकोस."

"जन्मभर लोकांनी मला उचलून इकडून तिकडे ठेवलं. आता म्हातारपणी तोलायचीच बाकी राहिली होती."

तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. डॉक्टरीणबाई तिच्या खुर्चीशेजारी उकिडव्या बसल्या. "मावशी, तुम्हाला कुणी हात लावणार नाही. तुम्ही तुमच्या खुर्चीत, तुमच्या चाकांवर चढायचं. मला फक्त आकडा हवा आहे. चुकीचं औषध माझ्या हातून जायला नको."

मावशीने पदराने डोळे पुसले. "चढते. पण ढकलायचं नाही कुणी."

आधी ती हातांवर जोर देत स्वतःच बाकावर सरकली आणि मामाने रिकामी खुर्ची उचलून माझ्यावर ठेवली. खुर्चीचे वजन झाले. मग मावशी खुर्चीत बसली आणि खुर्चीला वर चढता यावे म्हणून मामाने गोदामाच्या जुन्या दाराची एक जाड फळी आणून माझ्या कडेला तिरकी टेकवली. मावशीने ताकद लावून चाके फिरवली आणि ती वर आली. सिस्टरने छोटे वजन सरकवले, आकडा वाचला, त्यातून खुर्चीचे वजन वजा केले.

"अय्या! केसपेपरवर आहे तितकंच की," ती म्हणाली.

"म्हणजे अंदाज बरोबर होता तर." डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग औषध आहे तेवढंच ठेवू. मळमळीवर दुसरी गोळी देते."

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. त्या जड फळीचे एक टोक माझ्यावर टेकले होते. निम्मी फळी मी मावशीबरोबर तोलत होतो! पण काट्याला तोंड नसते. जे अंगावर येईल ते दाखवायचे, एवढेच त्याच्या हाती. आकडा मनासारखा आला होता, म्हणून कुणी दुसऱ्यांदा बघत नव्हते.

मावशी फळीवरून खाली उतरली. मानेने नकार देत म्हणाली, "मला नाही पटलं."

"आता काय राहिलं?" मामा वैतागला.

"दुकानदार साखर तोलायच्या आधी रिकामा काटा दाखवतो की नाही? गोणीसारखं तोललंत ना, मग गिऱ्हाइकासारखं दाखवा पण. रिकामा काटा बघितल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

सिस्टर हसली आणि तिने छोटे वजन मागे सरकवून शून्यावर आणले. माझी दांडी सरळ थांबायला हवी होती. ती टक्कन वर जाऊन अडकली.

डॉक्टरीणबाईंची नजर दांडीवरून फळ्यांवर आली आणि तिथून मामाच्या तिरक्या फळीवर. त्यांनी पायाने ती बाजूला केली. दांडी हलकेच खाली आली, डुलली आणि सरळ झाली.

"मामा," त्या हळूच म्हणाल्या, "आपण दार तोलत होतो."

मावशी पुन्हा चढली. या वेळी ती वर आल्यावर फळी काढून घेतली. आकडा आला आणि कुणी "अय्या" म्हटले नाही. मावशीचे खरे वजन लिहिलेल्या वजनापेक्षा खूपच कमी होते. आधीच्या डॉक्टरांनी भरदार खांदे बघून अंदाज केला होता आणि खांद्यांखालची बाई त्यांना दिसलीच नव्हती. तिचे रक्त तपासायला घेतले, औषध तात्पुरते थांबवले आणि नंतर कमी मापाने सुरू केले.

काही आठवड्यांनी ती आली तेव्हा बहीणभावाचे कडाक्याचे भांडण चालू होते. "माझ्या ताटातली भाकरी उचलली हिने!" मामा सगळ्या व्हरांड्याला सांगत होता. त्याचा चेहरा मात्र नुसता खुलला होता.

आता माझ्यापुढे सिमेंटचा पक्का उतार आहे. तो माझ्या अंगाला न टेकता बोटभर अलीकडे थांबतो. पाय गमावलेले आजोबा येतात, कंबर मोडलेल्या आजी येतात. त्यांच्या मांडीवरच्या पिशव्या सिस्टर आधी काढून घेते.

मित्रांनो, मी काही औषध देत नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणी डॉक्टर होईल, कुणी इमारती बांधेल, कुणी यंत्रे घडवील. काही बनवाल तेव्हा ज्यांना उभे राहता येत नाही, ज्यांना दूर जाणे परवडत नाही, त्यांना एकदा बोलावून त्यावर बसवून बघा. आणि बसल्यावर ते काय म्हणतात, तेही ऐका.

मावशी अजून दर महिन्याला येते. उतारावरून स्वतः चाके फिरवत चढते, ब्रेक लावते, मामाला लांब उभे करते आणि मान वर करून सिस्टरला म्हणते, "हं, वाच आता. मोठ्याने वाच."