पिवळ्या पिशवीच्या तीन घड्या

मित्रांनो, सौसरला एका घरात लोखंडी कपाट आहे. त्याच्या मधल्या कप्प्यात मी राहतो. मी कॅमेरा आहे. आता जुना झालो. माझ्या काचेवर आतून पांढरी जाळी धरली आहे आणि बटण दाबलं तर काही होत नाही. तरी सहा वर्षं मी चांगलं काम केलं. ते तुम्हाला सांगतो.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला नीट आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात आणि खोक्यातला अंधार आठवतो. माझं खरं आयुष्य नागपूरच्या एका दुकानात सुरू झालं. तिथे एक दिवस प्रेमलताबाई आणि गजेंद्रभाऊ आले. बाई मोहगावच्या शाळेत शिक्षिका होत्या. भाऊंची संत्र्याची बाग आणि कापसाचं शेत होतं.

माझ्या आधी त्यांच्या घरी होडी आली होती. धरणावर कोणीतरी पर्यटकांसाठी होड्या आणल्या होत्या. ते काम बंद पडलं आणि होड्या विकायला निघाल्या. त्यातली एक लांबट, निळी, प्लास्टिकची कयाक भाऊंनी घेतली. दोघं एकामागे एक बसतील एवढीच ती होती. संत्र्याच्या टेम्पोवर बांधून आणली तेव्हा शेजारचे नत्थूजी दारातच उभे होते.

"काय गजेंद्रभाऊ, आता पाण्यात वखर चालवता काय?"

"नाही ना बापा. बाईले पाखरं पाहाची हायेत."

"पाखरं तं तुमच्या बागेतच येऊन राहिली. संत्री खाऊन राहिली सारी!"

प्रेमलताबाई आतून म्हणाल्या, "ते पोपट हायेत नत्थूजी. मले बदकं पाहाची हायेत."

म्हणून ते कॅमेरा घ्यायला नागपूरला गेले. दुकानदाराने आधी एक मोठा, भारी कॅमेरा दाखवला. त्याची काच बदलता येत होती. बाईंनी तो एका हातात धरून पाहिला आणि परत ठेवला.

"होडीत एक हात रिकामा ठेवा लागते," त्या म्हणाल्या. "अन् पाण्यावर काच बदलत बसली तं एक तरी पाण्यात जाईन."

मग लहान, पाण्यात चालणारा कॅमेरा दाखवला. त्यातून पाखरू ठिपक्याएवढं दिसत होतं. शेवटी मी. माझी काच पक्की बसवलेली, दूरचं जवळ आणणारी. मी हलका होतो आणि हाताला माझी पकड चांगली होती. मला पाणी मात्र चालत नव्हतं. दुकानदाराने ते स्पष्ट सांगितलं.

"पडला तर गेला, मॅडम."

"पडू देईन तवा ना," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी खरंच पडू दिलं नाही. माझ्या पट्ट्याला त्यांनी थर्माकोलचा तुकडा केशरी कापडात शिवून बांधला. हातातून सुटलो तरी मी तरंगावं म्हणून. माझ्यासाठी जाड प्लास्टिकची पिवळी पिशवी आणली. तिचं तोंड तीनदा गुंडाळायचं आणि वरून चाप लावायचा, म्हणजे आत पाणी जात नाही. पिशवीत माझ्याजवळ त्या एक छोटी पुरचुंडी ठेवत. जुन्या लुगड्याच्या कापडाची, आत घरच्या शेतातला कापूस.

तो कापूस साधा नव्हता. आमच्याकडे वेचणी सुरू करायच्या आधी शेतात दहीभात शिंपडून पूजा करतात. तिला शीतादही म्हणतात. त्या दिवशी वेचलेला पहिला कापूस बाई पुरचुंडीसाठी राखून ठेवत. दर रविवारी निघण्याआधी पुरचुंडी गच्चीवर कडक उन्हात वाळवत. दिवसभरात माझ्या अंगावर जी ओल येई, ती तो कापूस पिऊन घेई.

पण घरी आल्यावर ती पुरचुंडी लगेच काढावी लागे. बाईंचा नियमच होता. पिशवी उघडायची, माझी बॅटरी आणि कार्ड काढायचं, मला पुसायचं आणि पंख्याखाली उघडं ठेवायचं. भाऊ चहा मागत असत.

"आधी कॅमेरा, मंग चहा," बाई म्हणत.

"माणूस वाळून राहिला इथं!"

"माणसाले बुरशी नाही लागत."

मित्रांनो, अशी सहा वर्षं गेली. धरणावर सकाळी पाणी काचेसारखं असे. बाई पुढे बसत आणि भाऊ मागे बसून वल्हं मारत. दोघांच्या अंगात केशरी जाकिटं असत. बाई हात वर करत, तसं भाऊ वल्हं थांबवत. वल्ह्याचं पाणी टिपटिप पडत राही. मग माझं काम. मी चक्रवाक टिपले, पाणकावळे टिपले, पिल्लांना पाठीवर घेऊन पोहणारं डुबकी नावाचं पाखरू टिपलं. शाळेतल्या मुलांनी माझे फोटो भिंतीवर लावले. पांढुर्ण्याच्या एका शाळेत प्रदर्शन झालं, तिथे लोक म्हणाले, "हे आपल्याच इकडचे पाखरं हायेत काय?" बाई लाजल्या होत्या.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्यातून हजारो फोटो निघाले, पण त्यात बाईंचा एकही नव्हता. त्या नेहमी माझ्यामागे असत. लग्नात, बारशात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यांना उभं करून त्याच फोटो काढत. आणि होडीत भाऊंना सहा वर्षं त्यांची फक्त पाठ दिसली.

मागच्या वर्षीच्या जानेवारीत एका रविवारी वारा अजिबात नव्हता. परत फिरताना भाऊ म्हणाले, "आज माह्याकडं दे तो कॅमेरा."

"तुमाले येते काय? मागच्या टायमाले बोटच आलं होतं फोटोत."

"सांग ना मंग."

बाईंनी माझा पट्टा मागे हात करून भाऊंच्या गळ्यात घातला. "कोपरं पोटाले लावा. श्वास रोका. अन् घाई नका करू."

मग त्या बसल्या जागी हळूच मागे वळल्या. होडी हलली.

"अवं हालू नको वं, मी पडीन!"

बाई हसल्या. भाऊंनी बटण दाबलं. एकच फोटो. भाऊंना तो लगेच पाहायचा होता, पण उन्हात माझ्या पडद्यावर काही दिसेना.

"घरी पाहू," बाई म्हणाल्या.

काठावर आल्यावर त्यांनी मला पिशवीत ठेवलं. त्यांचं डोकं दुखत होतं. त्यांनी तोंड गुंडाळलं, एक, दोन, तीन, आणि चाप लावला. घरी आल्या आणि खाटेवर पडल्या. तेवढा एक दिवस नियम पाळायचा राहिला. संध्याकाळी बोलणं अडखळू लागलं म्हणून नागपूरला न्यायला गाडी काढली. बोरगाव येईपर्यंत त्या बोलत होत्या. पुढे बोलल्या नाहीत. हे मला दीपालीच्या बोलण्यातून कळलं. दीपाली त्यांची मुलगी, पांढुर्ण्याला दिली आहे.

भिंतीवर लावायला फोटो शोधला तर मिळेना. शेवटी शाळेच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. त्यात बाई साहेबापुढे उभ्या असल्यासारख्या दिसतात. दीपाली म्हणाली, "बाबा, ही आई नाही वाटत."

"कॅमेऱ्यात हाय एक," भाऊ म्हणाले. "मी काढला."

"मंग काढा ना बाहेर. पिशवी उघडू काय मी?"

"नको." भाऊंनी मला तिच्या हातातून घेतलं. "ह्या घड्या तुह्या आईनं घातल्या हायेत. तिच्या हातच्या तेवढ्याच राहिल्या."

"अवो बाबा, आत वल असंन."

"कापूस हाय ना आत. तो सांभाळते."

त्यांनी मला कपाटात ठेवलं. रोज एकदा कपाट उघडत, पिशवीच्या तोंडावरून बोट फिरवत आणि बंद करत. कधी कधी म्हणत, "हाय ना आतमंदी." मला ओरडून सांगावंसं वाटे. कापूस त्या दिवशीच पोटभर पाणी प्याला होता. वल्ह्याचं, धुक्याचं, बाईंच्या ओल्या हाताचं. दार बंद झालं तेव्हा ते सगळं पाणी त्याने मला परत दिलं. त्याची चूक नव्हती. त्याला ऊन हवं होतं.

चौमासा गेला, दिवाळी गेली. माझ्या काचेवर आतून कोळिष्टकासारखं काही उगवू लागलं. माझी बॅटरी फुगली आणि फुटली. तिचा रस कार्डापर्यंत गेला.

वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी दीपाली आली. तिने काही मागितलं नाही. ती फक्त ओळखपत्राच्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मले आता आई अशीच आठवून राहिली, बाबा. हसतानाची येतच नाही डोळ्यांपुढं."

तेव्हा भाऊंनी कपाट उघडलं. चाप काढला. तीन घड्या त्यांनी फार हळू सोडल्या. आतून कुबट वास आला. पुरचुंडी काळी पडली होती.

पांढुर्ण्याला कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मयूरने माझं पोट उघडलं. कार्ड बाहेर आलं ते हिरवं होऊन. त्याने बरीच खटपट केली, मग कार्ड नागपूरला पाठवलं. चार दिवसांनी परत आलं. मयूर भाऊंकडे न पाहता म्हणाला, "काका, आत काहीच नाही राहिलं."

"एकच होता," भाऊ म्हणाले. "मी पाह्यला बी नाही."

मित्रांनो, तो फोटो जगात फक्त मी पाहिला आहे. म्हणून सांगतो. बाई अर्ध्या वळल्या होत्या. डावा हात होडीच्या काठावर होता आणि जाकीट गळ्याशी वर आलं होतं. अंबाड्यातून सुटलेली एक बट गालावर चिकटली होती. डोळे हसून बारीक झाले होते. पुढचा एक दात थोडा आडवा आहे, तो फोटोत येऊ नये म्हणून त्या नेहमी ओठ मिटत. त्या दिवशी मिटायचं विसरल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या मागे जो श्वास रोखून बसला होता, त्याच्याकडे पाहत होत्या. फोटो चांगला आला होता. बोट आलं नव्हतं.

तुमच्या घरात सगळ्यांचे फोटो काढणारं कोणी असेल, तर आजच त्यांच्या हातातून कॅमेरा घ्या. त्यांना उभं करा, हसवा आणि फोटो त्याच दिवशी पाहा. आणि आमच्यासारख्या वस्तू जपायच्या असतील तर बांधून ठेवू नका. आम्हाला उघडं करा, वारा लागू द्या.

त्या दिवशी भाऊ मला घेऊन घरी आले. दीपाली म्हणाली, "बाबा, चहा ठेवू?"

"थांब," ते म्हणाले.

त्यांनी मला पुसलं. पुरचुंडी उन्हात ठेवली. पिवळी पिशवी उलटी करून दोरीवर टाकली. मग मला पंख्याखाली उघडं ठेवलं आणि माझ्याजवळ बसून राहिले.